वाढत्या अंगाचे युनिफॉर्म

"कपड्यांचं मी बघतो," असं मी म्हणालो आणि नयनाने चक्क माझ्यावर विश्वास ठेवला. (लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोला माणसं ओळखता येत नाहीत.)

बंगळुरूच्या आमच्या मराठी मंडळात नयना आजवर फक्त विंगेतून प्रॉम्प्टिंग करत आली. यंदा तिने स्वतः संगीत नाटक लिहिलं, बसवलं. नाटक घडतं चौथीच्या वर्गात आणि विद्यार्थी सगळे साठीच्या आसपासचे, कारण तालमींना वेळ त्यांनाच असतो. "लोकांनी शेवटचं गाणं ऐकायला हवं," ती म्हणाली. "कपड्यांनाच हसत बसले तर माझं नाटक गेलं."

मी सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग डिझाइन करतो. सगळं गरजेपेक्षा थोडं जास्तच करायचं, ही सवय अंगात मुरलेली. नाचताना काही उसवू नये म्हणून मी प्रत्येक मापात सढळ हाताने भर घातली.

इथल्या शिवाजीनगरात शाळांचे युनिफॉर्म शिवणारा मल्लाप्पा मापं ऐकून चाट पडला.

"छाती बेचाळीस? कौनसी क्लास, सर?"

"चौथी," मी नाटकाच्या नादात बोलून गेलो.

"अय्यो! और बढ़ेगा ना, सर. स्वल्प लूज इरली."

मला वाटलं, नाचायला थोडं सैल असू दे म्हणतोय. मीही कानडीत होकार दिला, "सरी, सरी."

कपडे आले ते थेट प्रयोगाच्या संध्याकाळी, हेब्बाळच्या हॉलवर. आमच्या चौथीतले रत्नाकरराव नुकतेच रिटायर झालेले, चांगले धिप्पाड गृहस्थ. त्यांची हाफपँट पोटऱ्यांपर्यंत आली. शर्टात आणखी एक विद्यार्थी सहज मावला असता. नयना मटकन खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पिना आणू?" मी विचारलं.

"नको," रत्नाकरराव आरशात बघत म्हणाले. "मला कायम थोरल्या भावाचेच कपडे. शाळेत मी अस्साच दिसायचो गं, नयना."

पडदा उघडला आणि लोक पोट धरून हसले. मी विंगेत तोंड लपवलं. पण रत्नाकरराव एका हाताने चड्डी सावरत, बाहीतून बोटं शोधत गायला लागले, तसं हसू हळूहळू ओसरलं. आपल्या सगळ्यांनाच कुणीतरी वाढत्या अंगाचे कपडे घालून शाळेत पाठवलं होतं. आपण त्यात मावण्याइतके मोठे होणार, याची घरच्यांना केवढी खात्री होती! शेवटच्या गाण्याला हॉल गप्प होता. नयना रडत होती आणि खरं सांगायचं तर मीही.

प्रयोगानंतर मंडळाचे अध्यक्ष व्यंकोजीअण्णा धावत आले. "काय विचार केलाय हो कपड्यांचा!"

मग मी बालपण, काळ आणि पोकळी यांवर बराच वेळ बोललो. (पोकळी मला तिथेच सुचली.) नयना शांतपणे ऐकत होती.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "पुढच्या नाटकाचे कपडेही तूच बघ."

"खरंच?" मी टम्म फुगलो.

"हो. अगदी आजच्यासारखंच. अजिबात विचार न करता."