रुसलेली जीप

मुरबाडजवळ देवजींच्या मुलीच्या लग्नमांडवात माईकवरून मानाचे टॉवेल-टोपी वाटणे चालू होते. दुसऱ्या जावयाचे, दीपेशचे नाव आधी पुकारले गेले आणि थोरल्या जावयाचे, हरेशचे नंतर. हरेश भातसानगरला धरणावर पाण्याची पातळी लिहायचे काम करी. पाणी चढले की चढलेले लिहायचे, उतरले की उतरलेले. त्यात रुसायला वाव नव्हता. टॉवेल आधी मिळो की नंतर, अंग सारखेच पुसणार, असे त्याला वाटले. शिवाय धाकट्या मेव्हणीचे लग्न, मांडवामागून येणारा बुंदीचा वास आणि पोटात सकाळचा एक चहा.

पण शहापूरहून आलेली त्याची भावकी रुसली होती, आणि तिने रुसायचे ठरवले की त्याला वेगळे विचारायची पद्धत नव्हती.

"हा टॉवेल तुला नाय दिला, आपल्या घराला दिलाय," नवसूकाका म्हणाले.

"मग तुमीच घ्या, काका."

"दात काढू नको. जीपमधी जाऊन बस. देवजी येऊन हात धरंल तवाच उतरायचं. आमी हाय तुझ्या मागं."

हरेश बसला. धरणावर तो साहेबांचा 'अरे' होता. इथे थोरला जावई, आणि थोरल्या जावयाला भूक लागत नाही. त्याच्यामागे अकरा जण कोंबून बसले. त्यांतल्या एकेकाला बाजूला घेऊन विचारले असते, तर राग कशाचा हे कोणालाच धड सांगता आले नसते. पण अकरा माना एकत्र आल्या की प्रत्येकीत आपोआप सळई बसते.

थोड्या वेळाने हरेशची बायको योगिनी आली. "उतरा आता. लोक बघतात."

"बाबांना बोलव ना," हरेश हळूच म्हणाला.

"बाबांची भावकी सोडत नाय. म्हणते, मुलीच्या बापानं एकदा वाकायचं, ते आपल्या लग्नात वाकून झालं. सूरज माझा लहान भाऊ, लहानानं समजूत काढली तर तुमचाच अपमान. मामा म्हणतो, मी आईकडचा, मला यात घेऊ नका."

"मग येणार कोण?"

"मी आलेय ना."

"तू नाय चालणार," मागून काका म्हणाले. "तू आपल्याच घरातली."

तेवढ्यात पहिली पंगत बसली. शेखर पाणी प्यायला म्हणून उतरला. तो आला नाही, म्हणून कमळू त्याला शोधायला गेला. कमळूला शोधायला तिघे गेले. असे करत शेवटी नवसूकाका उरले. "या पोरांना कायपण शिस्त नाय," असे म्हणत शिस्त लावायला तेही उतरले.

हरेशने काचेतून पाहिले. शिस्त दुसऱ्यांदा बुंदी घेत होती.

भाताची बादली घेऊन सूरज घामाघूम पळत आला. "दाजी, वाढायला माणूस कमी पडलाय. ही धरा जरा, मी वरण आणतो."

ही समजूत नव्हती, काम होते. काम सांगितल्यावर बसून राहणे हरेशला कधी जमलेच नव्हते. मानाचा टॉवेल खांद्यावर टाकून तो पंगतीत शिरला आणि वाढत वाढत नवसूकाकांसमोर पोचला.

"भात, काका?"

काकांचे तोंड भरलेले होते. बुंदी गिळेपर्यंत त्यांनी अपमान थोपवून धरला.

"थोरला जावई वाढपी झाला," ते म्हणाले. "आमची मान खाली घालायला लावलीस. चला रे."

भावकी ताटे नीट संपवून उठली, हात धुतले आणि पुन्हा जीपमध्ये जाऊन बसली.

देवजी घाबरून हरेशकडे आले. "जावईबापू, आता यांची समजूत कोण काढणार? तुमीच जा."

"ते नाय चालणार, बाबा," योगिनी म्हणाली. "ते त्यांच्याच घरातले."

हरेशने बादली खाली ठेवली, टॉवेल मांडीवर पसरला आणि दुसऱ्या पंगतीत बसून बुंदी मागितली.