गरुडदर्शनाची वेळ

सहावं पिल्लू गेलं तेव्हा मारुती सूर्यवंशी राखणीलाच बसला होता. परसात पेरूखाली प्लॅस्टिकची खुर्ची, हातात लांब बांबू, आणि समोर तांबडी कोंबडी पिल्लांना घेऊन माती उकरत होती. वर घिरट्या घालणारा पक्षी त्याने पाहिलाही होता. तो बांबू उचलणार एवढ्यात शेजारच्या कंपाउंडवरून अनसूयाक्कांचा आवाज आला.

“नोड्री, बघा मारुतीअण्णा, गरुड आला. पांढरं डोकं, विटकरी पंख. साक्षात विष्णूचं वाहन. हात जोडा.”

अनसूयाक्का हायस्कुलात तीस वर्षं संस्कृत शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी ‘हात जोडा’ म्हटलं की हात जोडायचे असतात, हे उणकलच्या तळ्याजवळच्या त्या नव्या वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. मारुतीने बांबू काखेत धरला, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा पिल्लू विष्णूच्या वाहनातून तळ्याकडे निघालं होतं.

त्याची बायको वत्सला स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने पिल्लं मोजली.

“पाच.”

“हं.”

“तुम्ही इथंच होतात?”

“इथंच होतो.”

“मग काय करत होतात?”

“नमस्कार.”

वत्सला वळून आत गेली. लेक सायली लग्न होऊन सासरी गेली तेव्हापासून घर खायला उठायचं, म्हणून वत्सलाने कोंबड्या पाळल्या होत्या. पिल्लू गेलं की ती गप्प होई, आणि ती गप्प असली की चहा मिळत नसे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिळाला नाही.

गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपात पस्तीस वर्षं लेथ मशीनच्या आवाजात काढल्यावर मारुतीला रिटायर होऊन नुसतं बसायचं होतं. तरी दुसऱ्या दिवशी तो उठला आणि जाळी घेऊन आला. जाळीचं एक टोक बांधून होतंय तोवर अक्का कंपाउंडशी हजर. “त्यात गरुड अडकला तर पाप कुणाला लागणार, अण्णा?” त्याने जाळी सोडली. मग गाण्यांच्या जुन्या, चकचकीत सीड्या दोरीला टांगल्या. गरुडाने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, पण त्यांचा उजेड अक्कांच्या देवघरात नाचायला लागला. सीड्याही उतरल्या. शेवटी पिल्लं आईसकट खुराड्यात कोंडली, तर तांबडी आतून अशी ओरडायला लागली की समोरचे वकील विचारायला आले, “कुणाला डांबून ठेवलंय काय हो?”

त्या गुरुवारी सकाळी अक्का आपल्या भजनी मंडळातल्या सात बायकांना घेऊन आल्या. “तुमच्या परसात रोज गरुडाचं दर्शन होतं म्हणून सांगितलं मी यांना,” त्या म्हणाल्या. बायकांनी सतरंज्या अंथरल्या, टाळ काढले. मारुतीची खुर्ची अक्कांना गेली. तो पायरीवर बसला. आठजणींनी साडेनऊपर्यंत भजनं म्हटली. गरुड आला नाही.

शुक्रवारी आल्या, गरुड नाही. शनिवारीही नाही. वत्सला आधी नुसती धुसफुसत होती. “आपल्या परसाचं देऊळ केलंय यांनी,” ती आत भांडी आपटत म्हणायची. आठवड्याने मात्र ती कपबशा घेऊन बाहेर आली आणि मारुतीच्या कानाशी लागली.

“आठ दिवस झाले. पाचच्या पाच आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे एवढ्या बायका खाली बसल्यावर तो उतरेल कशाला? साखर जास्त घालू का विचारा त्यांना.”

पण बायका कंटाळल्या. गरुड रुसला असं ठरवून त्यांनी येणं बंद केलं. पुढच्याच सकाळी, बरोबर साडेनऊला, तो आला. मारुती पेपर, चष्मा आणि चपलेसकट त्याच्या अंगावर धावून गेला. पिल्लू वाचलं. गुडघा सोलला.

वत्सलाने गुडघ्याला हळद लावली आणि त्याला तसाच अक्कांकडे पाठवला. “आज आला होता,” मारुतीने सांगितलं. हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी आठहीजणी परत आल्या.

त्यानंतर खरं सांगण्यासारखं काही उरलं नाही. बायका असताना गरुड यायचा नाही, आणि तो आला नाही तर बायका यायच्या नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी मारुती कंपाउंडशी जाऊन म्हणायचा, “तुम्ही गेलात आणि पाच मिनिटांत आला बघा.” लेथवर खोटं चालत नाही, माप चुकलं की लगेच दिसतं. पस्तीस वर्षांची ती सवय सोडताना त्याला अक्कांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. त्यात बायकांनी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून रोज थोडं जास्त थांबायला सुरुवात केली. दहा झाले, साडेदहा झाले. चहा दोनदा व्हायला लागला, मग उप्पीट आलं. एकीने पंख्याची सोय होईल का म्हणून विचारलं. मारुतीने वायर ओढून पंखा लावला. पायरीवर बसून त्याची पाठ धरली. दुपारी झोपावं तर कानात टाळ वाजत राहायचे.

दोन महिन्यांत पिल्लं आईएवढी झाली. आता त्यांना उचलायला गरुडाला जोडीदार आणावा लागला असता.

“आता खरं काय ते सांगून टाकतो,” मारुती वत्सलाला म्हणाला. “माझ्याच्यानं होत नाही.”

“सांगा,” ती म्हणाली. तीही उप्पिटाला कंटाळली होती.

तो कंपाउंडशी गेला. अक्का तुळशीला पाणी घालत होत्या.

“अक्का, एक बोलायचं होतं. तो गरुड...”

“येत नाही. माहीत आहे मला.”

मारुतीने कंपाउंडला हात टेकला.

“तीस वर्षं वर्गात उभी होते मी, अण्णा. गृहपाठ न केलेल्याचं तोंड मला कळतं. पहिला दिवस सोडला तर तुम्ही रोज थाप मारलीत.”

“मग तुम्ही येत का होता?”

अक्कांनी तांब्या खाली ठेवला. घराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवला.

“आमची सून, श्रीलक्ष्मी, सकाळी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसते. तिची मीटिंग असते. मिक्सर लावायचा नाही, फोनवर बोलायचं नाही, स्तोत्रं मनात म्हणायची. परवा खोकले तर हेडफोन काढून बघितलं तिनं. वाईट नाही हो पोरगी, पण मला तोंड उघडायला जागा नाही. आमच्या मंडळात सहाजणींच्या घरी हेच आहे. बाकीच्या बायकांना मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही आपलं सांगत राहा.”

“अजून?”

“फक्त वेळ बदला. गरुड साडेदहाला आला म्हटलंत की त्या अकराला उठतात. मीटिंग संपते बाराला. उद्यापासून बाराला आला म्हणून सांगा.”

मारुती परत आला. वत्सला कट्ट्यावर डाळ निवडत बसली होती.

“सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“उद्यापासून बारापर्यंत.”

वत्सलाने सूप बाजूला ठेवलं आणि खुराड्याकडे बघितलं.

“बरं,” ती म्हणाली. “मग काळी कोंबडी खुडूक झालीय. पंधरा अंड्यांवर बसवते तिला. राखणीला माणसं आहेतच.”