मोहनला ओमेगात टाकलं

संघटना कशी चालवावी, हे बर्लिनमध्ये फक्त मला कळतं! आमच्या विद्यापीठातल्या मराठी गायन मंडळात आम्ही सहा जण. शिरीषला वोल्फ्सबुर्गला नोकरी लागली, वल्लरी गेर्लिंगेनला गेली, आणि तालमीची खोली इथल्या नोव्हेंबरच्या आभाळासारखी उदास झाली. मी डगमगलो नाही. अमेरिकन कॉलेजांतली संगीत मंडळं शाखांना स्थापनेच्या क्रमानं ग्रीक अक्षरं देतात, असं वाचलं. झालं! बर्लिन आल्फा, वोल्फ्सबुर्ग बीटा, गेर्लिंगेन गॅमा!

"अरे, बीटात एकटा शिरीषच आहे," कादंबरी म्हणाली.

"मग शाखाप्रमुख तोच!"

राहिला मोहन. दोन महिने तो फिरकला नव्हता. नाव कापवेना. शेवटचं ग्रीक अक्षर, ओमेगा, मोकळंच होतं. गुरुवारी सकाळी मी आमच्या साठ रसिकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'मोहन आजपासून ओमेगा शाखेत. त्याची उणीव भासेल.' आणि फोन लॉकरमध्ये ठेवून प्रयोगशाळेत शिरलो.

पण मी अर्धंच वाचलं होतं! तिकडे ओमेगा शाखा बहुधा दिवंगत सभासदांसाठी राखलेली असते. आमचा नील अमेरिकेत शिकलेला. त्यानं ग्रुपवर हंबरडाच फोडला! 'काय आवाज होता!' 'असा गळा पुन्हा होणे नाही!' संध्याकाळी सहाला शोकसभाही ठरली.

पाचला फोन उघडतोय तोच मोहनचा कॉल.

"देवदत्त, मी मेलोय का रे?"

"नाही रे बाबा! घोटाळा झालाय. आत्ता खुलासा टाकतो!"

"थांब. प्रबंध अडकलाय. दोन महिने खोलीतच आहे. कुणी साधा फोन केला नाही. माझा आवाज बरा आहे, हे आज कळलं."

मी लॉकरचं दार लावून तिथंच बाकावर बसलो.

"खुलासा मीच करतो," तो म्हणाला. "सहाला येतो."

तीस माणसं जमली होती, पांढरी फुलं घेऊन! मोहन दारात दिसताच कादंबरी किंचाळली, नील त्याच्या गळ्यात पडून रडला. मग मोहन म्हणाला, "बसा, गातो." आणि सगळ्यांना एकदम आपापली उ-बान मेट्रो आठवली! दहा मिनिटांत उरलो आम्ही मंडळाचे चौघं. तो तरीही गायला, शेवटपर्यंत, डोळे मिटून.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. या वेळी मी फोन केला. सर्दी झाली होती. खिचडीचा डबा घेऊन गेलो. तासभर बसलो, कुणीच गायलं नाही. कार्यवाह म्हणून सांगायला लाज वाटते, पण मंडळाची इतकी चांगली बैठक कधी झाली नव्हती!