आधी तुम्ही

शिक्केसाहेबांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते, आणि जावई समुद्रापलीकडच्या देशात जहाजासकट अडकून पडला होता. साहेब बंदरावरचे जकात अधिकारी. त्यांच्या शिक्क्याशिवाय जहाज हलत नसे, म्हणून बंदरानंच त्यांना हे नाव दिलेलं.

झालं होतं असं, की दोन्ही देशांनी एकमेकांच्या जहाजांवरची जकात थांबवायचं ठरवलं. हुकूम साधा होता : त्यांनी थांबवली की आपण थांबवायची. पलीकडेही हुकूम शब्दशः हाच. मग पलीकडचं एक जहाज इथे अडकलं, इथलं तिथे. माफ झालेली जकात भरायला कप्तान तयार नाहीत, आणि माफीचा शिक्का मारायला अधिकारी तयार नाहीत.

शेवटी साहेबांनी पलीकडच्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"तुम्ही शिक्का मारा, मी लगेच मारतो."

"अहो, मान तुमचा. आधी तुम्ही."

"छे, छे, तुम्ही वडीलधारे."

"वयाचं काय घेऊन बसलात? माझी नोकरी जाईल हो!"

इतक्यात साहेबांची बायको जेवणाचा डबा घेऊन कचेरीत आली. फोन स्पीकरवर होता. तिनं उभ्या उभ्या सगळं ऐकलं.

"आपण असं करू," साहेब म्हणाले, "तीन म्हटलं की दोघांनी एकदम मारायचा. आवाज फोनवर ऐकू येईलच. एक, दोन, तीन!"

दोन्हीकडे चिडीचूप. दोघंही कान टवकारून दुसऱ्याचा आवाज ऐकत बसलेले.

"तुम्ही मारला नाहीत," पलीकडचा म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे मारलात?"

साहेबांना स्वतःचीच लाज वाटली. माणूस वाईट नव्हता, हे आवाजावरूनच कळत होतं. त्यालाही घरदार असेल. मग हात का उचलत नाही? ना त्याचा, ना आपला.

"पुन्हा एकदा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एक, दोन, तीन."

पुन्हा तेच. बायकोचा मात्र संयम सुटला. "तिकडे पोरीचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुमचे पाढेच संपेनात!" असं म्हणत तिनं डबा टेबलावर आदळला. धाड!

पाठोपाठ फोनमधूनही आवाज आला. धाड!

साहेब चमकले. त्यानं मारला! बिचाऱ्यानं डब्याच्या आवाजावर विश्वास ठेवला! आता मागे हटणं म्हणजे दगाबाजी. त्यांनी घाईघाईनं शिक्का उचलला आणि मनापासून दाबला.

संध्याकाळी दोन्हीकडची जहाजं सुटली. जावई घरी पोचला तेव्हा पाळण्यात मुलगी होती. जेवताना साहेबांनी खालमानेनं डब्याची हकिकत सांगितली. "त्या भल्या माणसाला फसवलं रे मी."

जावयाचा घास हातातच राहिला. "बाबा, मी तिथेच होतो. आमचे कप्तान विनवण्या करत होते. तुमच्याकडून धाड आवाज आला तसे तिथले साहेब दचकले, आणि खुर्चीसकट मागे उलथले! उठले ते थेट शिक्का घेऊनच. म्हणाले, समोरच्यानं शब्द पाळला, आता आपण नाही पाळला तर तोंड कुठे लपवू?"

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हणजे तह झाला तो डब्याचा आणि खुर्चीचा!"

 साहेब हळूच म्हणाले, "पण शिक्के मात्र आम्ही दोघांनीही खरेच मारले गं."