पणजोबांची सव्वीस लग्नं

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, हरवलेली वस्तू शोधण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! कीर्तनाला हजार माणसं बसलेली असू देत, परतताना माझ्या चपला मी डोळे मिटून, नुसत्या अंगठ्यानं ओळखतो. त्यामुळे आत्यानं जेव्हा विचारलं, "माझ्या आजीच्या लग्नाची नोंद कुठं मिळेल का रे?" तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "आठ दिवस, आत्या! तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला नक्कल तुझ्या हातात!"

आत्यानं वाढदिवसाला दुसरं काहीही मागितलं नव्हतं. कारण असं की, आमच्या घराण्यात दोन पाती, म्हणजे दोन शाखा. थोरल्या पणजोबांची थोरली, आमची धाकटी. थोरल्या पातीत पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आलंय. "धाकट्यांची पणजी? ती कुठली लग्नाची! ती नुसती येऊन राहिली." आत्यानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि शेवटचं ऐकलं मागच्या महिन्यात. ऐकवणारा माझा चुलतभाऊ. धंद्यानं विमा एजंट, म्हणून आम्ही त्याला विमावाले म्हणतो. माणूस वाईट नाही, पण जिभेला सुट्टी नाही.

"लेखी पुरावा दाखव, आत्या," विमावाले म्हणाले होते. "आमच्या धंद्यात कागद नाही तर माणूसही नाही!"

सहा महिन्यांपूर्वी आत्याचं मोठं ऑपरेशन झालं. भूल द्यायच्या आधी तिनं माझा हात धरून देवाचं नाव नाही घेतलं. म्हणाली, "माझी आजी लग्नाची होती रे." बस्स. तेव्हाच मी ठरवलं.

दप्तरखाना म्हणजे एक लांबलचक खोली. छतापर्यंत मांडण्या, मांडण्यांवर उशीएवढ्या जाड नोंदवह्या, आणि टेबलामागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलेल्या दप्तरबाई. त्यांनी मला हवी ती वही दोन्ही हातांनी उचलून आणली, टेबलावर ठेवली, आणि धूळ बसल्यावर म्हणाल्या, "जुनं वळण आहे. वाचून सांगू का?"

"नको, नको!" मी हसलो. "रक्ताचं नातं आहे, बाई! अक्षर आपोआप लागतं."

बाईंनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

वही उघडली आणि माझं रक्त पातळ झालं. एक अक्षर लागेना! लिहिणाऱ्यानं हात उचलायचा नाही अशी शपथच घेतलेली. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जणू मुंग्या हात धरून चालल्यात! पण मी हरणारा नव्हे. माझ्याजवळ पणजोबांची कीर्तनाची वही होती. हो, हे वेड आमच्याकडे त्यांच्यापासूनचं. त्या वहीत पानापानावर त्यांची सही, आणि सहीच्या शेवटी तंबोऱ्याच्या भोपळ्याएवढी गरगरीत गाठ. पणजोबांबद्दल घरात तेवढीच माहिती. ते कीर्तनवेडे होते आणि 'कचेरीत' होते. कचेरीत काय करत होते, हे कोणी कधी विचारलं नाही. तेव्हा म्हटलं, अक्षर गेलं उडत, सही शोधू!

आणि चौथ्याच पानावर सापडली! भोपळ्यासकट! मी टेबलावर अशी थाप मारली की बाईंची टाचणीची डबी उलटली.

"सापडलं?"

"सापडलं! आमच्या पणजोबांचं लग्न!"

नक्कल मागणार, तेवढ्यात वाऱ्यानं पान उलटलं. पुढच्या पानावर तीच सही. तोच भोपळा! मी म्हटलं, ठीक आहे, जुना काळ, बिचारी पहिली गेली असेल. मनातल्या मनात तिला हात जोडले. पान उलटलं. पुन्हा भोपळा! आता मात्र हात जोडायचं बंद करून मी मोजायला लागलो. पाच वाजता बाईंनी वही ओढून घेतली तेव्हा आकडा सव्वीसवर होता. आणि वर्ष अजून संपलेलं नव्हतं!

घरी येऊन बायकोला कोपऱ्यात घेतलं. "कुणाला बोलू नकोस. पणजोबांची सव्वीस लग्नं झाली होती."

"अगं बाई! सव्वीस?" ती मटकन खाली बसली. "आणि तुम्हाला माझा एक वाढदिवस लक्षात राहत नाही!"

तिनं खरोखर कुणालाच सांगितलं नाही. फक्त आपल्या वहिनीला सांगितलं. वहिनीनं कुणाला सांगितलं ते मला माहीत नाही, पण मी चहा संपवेपर्यंत विमावाल्यांचा फोन!

"अभिनंदन! चाळीस म्हणे?"

"सव्वीस!" मी ओरडलो आणि लगेच जीभ चावली.

"कमालच आहे बुवा! मी त्यांचा विमा उतरवला असता तर वारसांच्या रकान्याला दोरीनं जादा कागद बांधावे लागले असते!"

सकाळपर्यंत तीन अनोळखी माणसांनी फोन करून आपण पणजोबांचे पणतू असल्याचा दावा केला. एक तर बाहेरगावाहून सामान बांधून निघालाही होता! त्याला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवताना मला घाम फुटला. आणि मग आत्याचा फोन आला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कानावर आलं रे," ती म्हणाली. "एवढंच सांग. त्या सव्वीसांत माझी आजी कितवी?"

मंडळी, आमचे बुवा पूर्वरंगात माणसाला खोल खड्ड्यात टाकतात, पण उत्तररंगात त्यालाच वर काढतात. मी खड्डा तेवढा सुबक खणला होता आणि त्यात आत्याला बसवलं होतं! वर काढायला माझ्याजवळ एकच दोरी होती. त्या दप्तरबाई, ज्यांना मी 'नको, नको' म्हणालो होतो.

त्याच दुपारी दप्तरखान्यात आम्ही चौघं. मी, बायको, हातात भिंग घेतलेली आत्या, आणि गाडी विमावाल्यांची म्हणून विमावाले. बाईंना मी हात जोडले. "बाई, रक्ताच्या नात्याला अक्षर लागत नाही. तुम्हीच वाचा."

बाईंनी पान पाहिलं. भोपळ्यावर बोट ठेवलं. आणि हसायला लागल्या ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत!

"अहो, ही सही वराच्या जागी कुठाय? तळाला आहे! इथं लिहिलंय, 'नोंद करणारा'. तुमचे पणजोबा या कचेरीत लग्नं नोंदवणारे कारकून होते! सव्वीस लग्नं त्यांनी केली नाहीत, लिहिली!"

मी खुर्चीतच एक गिरकी घेतली. पण विमावाले खाकरले. "म्हणजे गावभरची लग्नं लिहिली, आणि स्वतःचं तेवढं नाही! मी काय म्हणत होतो?"

आत्यानं भिंग खाली ठेवलं.

"थांबा," दप्तरबाई म्हणाल्या. "स्वतःची नोंद स्वतः करायची मुभा कारकुनाला नसते. तेव्हाही नव्हती. ज्या पानाच्या तळाला ही सही नसेल, ते पान शोधा!"

काल मी भोपळा शोधत होतो, आज आम्ही पाच जणं भोपळा नसलेलं पान शोधू लागलो. एक वही झाली. दुसरी झाली. बायको शिंकली. विमावाल्यांनी कोट काढला. तिसऱ्या वहीच्या मध्यावर आत्याचं बोट थांबलं.

तळाला वेगळीच सही. भोपळा वर चढून वराच्या जागी बसलेला. आणि त्याच्या शेजारी शाईचा हा एवढा डाग!

बाई उभ्या राहून वाचायला लागल्या. वराचं नाव, वधूचं नाव, तारीख. मग शेरा. "सदर दिवशी नोंदणी कारकून हे स्वतःच वर असल्याकारणे ही नोंद मी वरिष्ठ माझे हाताने करीत आहे. पानावरील डाग वराचे हातून पडला. वर फार घाबरलेला होता. वधू शांत होती. वधूने सही स्वतः केली."

आत्यानं ती सही भिंगातून पाहिली. मग भिंग बाजूला ठेवून नुसत्या बोटानं पाहिली. "वळणदार आहे गं," ती कुणाला तरी म्हणाली. बहुतेक आजीलाच.

"आणि साक्षीदार," बाई म्हणाल्या, "वराचे थोरले बंधू. अंगठा."

थोरले बंधू म्हणजे विमावाल्यांचे सख्खे पणजोबा! विमावाले वाकले, अंगठा पाहिला आणि कोट पुन्हा अंगात घालायला लागले. उलटा.

आत्या गोड हसली. "अंगठा मात्र झकास उठलाय हो तुमच्या पणजोबांचा!"

देवाशपथ सांगतो, मला राहवलं नाही! दोन हात वर करून मी असा काही देवाचा जयजयकार केला की बाहेरचा शिपाई काठी घेऊन आत आला. दप्तरबाईंनीच त्याला "राहू दे" म्हणून परत पाठवलं. नक्कल आत्याच्या हातात पडली. दिवस सातवा! मी सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहत म्हणालो, "बघितलंत? कागद! लग्न म्हणजे कसं, नोंदीत पाहिजे!"

"खरंय," आत्या म्हणाली. "तुझ्या लग्नाची नोंद कुठल्या वहीत आहे रे?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती.

"एकतीस वर्षं 'उद्या करू' म्हणतायत," ती छताला म्हणाली.

विमावाल्यांचा चेहरा असा उजळला! "म्हणजे वहिनी नुसत्या येऊन राहिल्यात म्हणा की!"

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आम्ही नोंदणीच्या खिडकीशी. साक्षीदार आत्या आणि विमावाले. विमावाल्यांनी मोठ्या दिमाखात सही केली, चांगली दोनदा गिरवून. बायकोनं शांतपणे केली. माझ्या पेनातून शाईचा थेंब पडला.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज खालीवर पाहिला. "एक रकाना राहिलाय. 'एकतीस वर्षांच्या विलंबाचे कारण'?"

मी काहीतरी भारदस्त आठवत होतो. तोवर बायकोनं खिडकीत डोकं घातलं.

"लिहा, कीर्तन!"

त्यानं लिहिलंसुद्धा. माझ्या पणतवंडांना अक्षर लागू नये, एवढीच आता देवाजवळ प्रार्थना.