अंकुशबप्पांचं गाऱ्हाणं

आमच्या गल्लीत रोज सकाळी अंकुशबप्पा एका बाईशी भांडतात. बाई मोबाइलमध्ये असते. तिचं नाव कुणाला माहीत नाही, पण आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा झालाय. कारण बप्पा मोबाइल पूर्ण आवाजात लावतात आणि त्याहून मोठ्यानं तिला उत्तरं देतात.

"पहाटे पाच वाजता उठण्याची सवय लावा," बाई गोड आवाजात सांगते.

"कावून? आमी आजवर काय बाराला उठत व्हतो?"

"दिवसातून थोडा वेळ मातीवर अनवाणी चाला."

"उभा जलम अनवाणी चाललो, तवा कुणी कौतुक केलं न्हाई. आता कुठं चप्पल घेतली, तर म्हनती काढ!"

"प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून खा."

इथं बप्पा मोबाइल लांब धरतात आणि आपल्या बोळक्या तोंडानं त्याच्याकडं बघत राहतात. "दात तू देतीस का?"

'कावून' म्हणजे 'का'. आमच्या तलवाडा गावात सगळेच म्हणतात. पण बप्पांच्या तोंडी तो प्रश्न नसतो, नोटीस असते. शाम्पूच्या पुडीवर 'येथे फाडा' लिहिलेलं असतं आणि ती तिथं सोडून सगळीकडं फाटते, कावून? हॉटेलातला चहाचा कप दर वर्षाला लहान होत चाललाय, कावून? लग्नात पाहुण्याला बसायला दिलेली प्लास्टिकची खुर्ची मागचे दोन पाय फाकवून खाली बसते, मग पाहुण्यानं आहेर कुठून द्यायचा, बसून का निजून? असलं काही दिसलं की बप्पा थांबतात, नीट बघतात, चुकचुकतात आणि पुढं जातात. दुसरा कुणी चिडतो आणि विसरतो. बप्पा विसरत नाहीत. एखाद्यानं रस्त्यात सापडलेली चांगली वस्तू उचलून खिशात टाकावी, तसं ते प्रत्येक गाऱ्हाणं जपून घरी नेतात.

मोबाइलमधल्या त्या बाईचे व्हिडिओ बप्पांना त्यांची सून पाठवते. सून आणि मुलगा संतोष बंगलोरला असतात. दोघं नोकरी करतात. बप्पांची बायको गयाकाकू बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी तिकडं गेल्या. आता तो नातू पळायला लागलाय, आणि काकू अजून तिकडंच आहेत. बाळाला सांभाळायला दुसरं कोण आहे? आणि दोन खोल्यांत बप्पांना कुठं ठेवणार, आणि बप्पा तिकडं आले तर शेळ्यांना कोण बघणार? सगळे प्रश्न रास्त आहेत. सुनेचं चुकलं असं म्हणायला जागा नाही, मुलाचंही नाही.

बप्पांना काकू घरी याव्यात एवढंच हवंय. आणि पुडीपासून खुर्चीपर्यंत सगळ्या जगावर बोंब मारणारा हा माणूस नेमकं तेवढंच बोलत नाही.

तरुणपणी दोघांनी ऊस तोडला. आमच्या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बप्पा आणि काकू फडात एकत्र, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, एकत्र, ट्रॉलीत बिऱ्हाडावर बसून एकत्र. हालच होते ते, त्यात गोड काही नव्हतं, आणि ज्यांना त्यात गोडवा दिसतो त्यांनी एक हंगाम मोळ्या उचलून बघाव्यात. पण एकटं राहायची पाळी त्या हालांनी कधी आणली नाही. पुढं मुलगा शिकला, शेळ्या घेतल्या, पक्क्या खोल्या झाल्या. आणि सुखानं शेजारी बसायचे दिवस आले त्याच सुमारास जोडी फुटली.

दिवाळीनंतर आमच्याकडून गाड्या भरून माणसं ऊस तोडायला जातात, त्याला स्थलांतर म्हणतात. त्यावर भाषणं होतात, निदान भाषणं तरी होतात. एक म्हातारी नातवंड सांभाळायला परमुलखात जाते आणि परतीचं कुणी विचारत नाही, त्याला मदत म्हणतात. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. उलट मोबाइलमधली बाई वर सांगते, "रात्रीचं जेवण सगळ्या कुटुंबानं एकत्र बसून घ्या."

त्या सकाळी मी कान देऊन होते. बप्पांनी नुसतं बोट फिरवून बाईला वर ढकललं.

मी रोज एसटीनं गेवराईला कामाला जाते. बप्पा आठवड्यातून दोन-तीनदा त्याच गाडीनं येतात. त्यांचं तिथं काय काम असतं ते मला कळायचं नाही. गाडी फाट्यावर थांबायच्या आत ते पळत जाऊन खिडकीतून दस्ती आत टाकतात. रुमालानं जागा धरायचा हा कायदा आमच्या भागात सगळे पाळतात. पण बप्पा दोन दस्त्या टाकतात, एक आपल्या जागेवर आणि एक शेजारी.

"बप्पा, दुसरं कोण हाय?" कंडक्टर विचारतो.

"हाय एक."

"दिसंना."

"तुला सगळंच दिसतंय का? मागं चाक पंक्चर व्हतं, ते दिसलं व्हतं का?"

गाडी खच्चून भरली, माणसं एकमेकांच्या पायांवर उभी राहिली, की मग नाइलाजानं ते मला हाक मारतात, "ये पोरी, टेक." दस्ती उचलताना माझ्याकडं असं बघतात की मी कुणाचं तरी घर बळकावतेय.

गेल्या उन्हाळ्यात संतोषनं विमानाचं तिकीट पाठवलं. "नातवाला बघून येतो," बप्पा म्हणाले. पण जायच्या आधी त्यांनी घराला रंग दिला, चूल नवी घातली आणि मोरीपुढं फरशी बसवून घेतली. नातवाला बघायला जाणारा माणूस मोरीला फरशी बसवत नाही. गल्लीनं ओळखलं, बप्पा काकूंना आणायला चाललेत.

आठवड्याभरात ते परत आले. एकटेच. संध्याकाळी गल्ली त्यांच्या ओट्यावर जमली. काकूंचं विचारायची हिंमत कुणाची होईना, म्हणून आम्ही विमानाचं विचारलं. आणि बप्पा सुटले.

"मला मधली जागा. एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक. हात ठिवायच्या दांड्या दोघांनी धरल्या. मधल्या मानसानं हात काय खिशात घालून बसायचं? बरं, खिडकीवाला बसल्या बसल्या निजला. निजायचंच व्हतं तर खिडकी कावून घेतली? तेवढ्यात म्होरल्या मानसानं काय कळ दाबली देव जाणे, त्याची खुर्ची पाठीसकट माझ्या मांडीवर."

"मंग?"

"मंग काय. मी म्हनलं, नीज लेकरा, डोकं दाबून देऊ का?"

"मराठीत?"

"पयलं मराठीत. त्याला कळलं न्हाई, म्हनून दाबायलाच लागलो. ताडकन उठून सरळ बसला."

गल्ली लोळली. बप्पा हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत.

"अन् येताना तर कमालच. माझ्या शेजारची जागा मोकळी. मी दस्ती टाकली. तर ती विमानातली पोरगी येऊन म्हनती, हे उचला, दुसऱ्याची सीट आहे. मी म्हनलं, बाई, दस्ती टाकलेली जागा हाय ही! तिला कळंचना. जमिनीवरचा कायदा वर चालतच न्हाई."

पुन्हा हशा झाला. माझी आई तेवढी हसली नाही. ती "चहा ठेवते" म्हणून उठून गेली.

शेवटी मीच विचारलं, "बप्पा, काकूंना चला म्हणालात का?"

"त्या विमानात पाव देतेत," बप्पा म्हणाले, "गारढोण. दगडावर घासला तर दगड झिजंल."

काकूंचं सांगायचं तर, त्या कधी कसलं गाऱ्हाणं करणाऱ्यातल्या नाहीत. उसाच्या पात्यानं हात चिरले तरी "बरंय" आणि कोपीत पाणी शिरलं तरी "बरंय". फोनवर आई विचारते, कसं चाललंय तिकडं? "बरंय." घर कसंय? "बरंय." त्या शब्दाच्या मागं काय आहे ते आजवर कुणाला दिसलेलं नाही.

यंदा दिवाळी झाली आणि नेहमीप्रमाणे गाव ओसरलं. टोळ्या कारखान्यांकडं गेल्या. अर्ध्या दारांना कुलपं लागली. गल्लीत म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुत्री राहिली. त्या दिवसांतल्या एका सोमवारी मी गेवराईच्या गाडीत चढले तर आत सात-आठ माणसं. बप्पा खिडकीशी बसलेले, शेजारी त्यांची दस्ती. तिला हात लावणारं कुणी नव्हतं. गाडी वेळेवर सुटली. सीटची पाठ जाग्यावर होती. काच वर होत होती आणि खालीही होत होती. मला वाटलं, आज तरी बप्पा खूष असतील. पण ते तोंड पाडून बाहेर बघत होते.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं दूध आणायला गेले. शेळ्या दावणीला बांधलेल्या, धारा काढून झालेल्या. बप्पा ओट्यावर मोबाइल पुढं ठेवून बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

"काय झालं बप्पा?"

"काईच झालं न्हाई," ते कुरकुरले. "तेच तर."

मग त्यांनी पाढा वाचला. गाडी वेळेवर आली. हॉटेलवाल्यानं कप काठोकाठ भरून दिला. दवाखान्यात नंबर लावावा लागला नाही, डॉक्टर रिकामाच बसला होता. "ती मोबाइलवाली बाईसुदिक आज शेळीच्या दुधाचं चांगलं बोलली. आता तिच्याशी काय भांडू?"

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं कसं? आता बंगलोरहून तुझ्या काकूचा फोन येईल. काय सांगू मी तिला?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग हळूहळू सगळं उलगडलं. गेवराईच्या खेपा, पुड्या, खुर्च्या, कप, ती बाई, सगळं.

"मला गोड बोलता येत न्हाई, पोरी," बप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. "निस्तं कशी हाईस म्हनलं की ती म्हनती बरंय, अन् मंग दोघं बी गप. लेकरू रडतं, ती ठिवून देती. पन काई तरी बिघडलेलं सांगितलं ना, तर हसती. पोट धरून हसती. गाडीतलं सांगतो, लग्नातलं सांगतो. तेवढं तेवढं बोलनं लांबतं."

मी म्हणाले, "मग सांगा की खिडकीची काच अडकली होती म्हणून."

"खोटं तिला कळतं. फडात मी मोळी हलकी हाय म्हनायचो, तवा बी कळायचं." तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यांनी घाईनं माझा हात धरला. "बस हितं. काय खरं आठवलं तर खुनव."

बप्पांना कानाशी धरून ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. गयाकाकू आल्या त्या अर्धवट हसतच.

"काय वं, आज काय झालं?"

"आज," बप्पा म्हणाले, आणि माझ्याकडं पाहिलं. "आज गाडी येळवर आली."

"मंग?"

"जागा बी मिळाली."

"मंग?"

"मंग काय न्हाई. चा पिला. आलो."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. नातू काहीतरी आपटत होता. काकूंचा आवाज बदलला.

"आवं, तुमाला बरं न्हाई का?"

"बरा हाय."

"ताप हाय का? खरं सांगा. शेजारच्या पोरीला बोलवा."

"ताप न्हाई गं." बप्पांनी मोबाइल उचलून दोन्ही हातांत धरला. "गाव मोकळं झालंय. कुणी भांडायला बी राह्यलं न्हाई. मला करमंना."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. काकूंनीही नसावा. पलीकडं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पायांचा आवाज, मग दार लोटल्याचा. कुकर, पोरगं, सगळं लांब गेलं. काकू बाल्कनीत आल्या असाव्यात.

"आवं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हितलं पीठ लई बेक्कार हाय."

बप्पांनी मान वर केली.

"पिशवीतलं आनतेत. कवा दळलंय कुनाला ठाव. भाकरी थापाया घेतली की चिरा पडत्यात. अन् पानी असं, की डाळ शिजंना. खिडकी उघडली तर म्होरं दुसऱ्याची खिडकी. त्यांनी लुगडी वाळत घातल्याली बघायची दिवसभर. खाली उतरलं तर बाकड्यावर बसू देत न्हाईत, म्हनतेत रंग दिलाय. कवा बी जावा, रंग दिलेलाच. अन् माज्याशी बोलाया एक बाई न्हाई हितं. एक बी न्हाई. लिफ्टमदी सगळ्या वर बघत उभ्या ऱ्हातेत."

काकूंना दम लागला. त्या थांबल्या. मला वाटलं, आता 'बरंय' म्हणतील.

बप्पा भिंतीला टेकले. मोबाइल त्यांनी छातीजवळ आणला. मी दुधाचं भांडं उचललं आणि आवाज न करता पायऱ्या उतरले.

"अजून?" माझ्या मागं बप्पा म्हणाले. "अजून सांग. मी हितंच हाय."