चारशे फुटांची ओढ

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या आमच्या हार्लन मिल्स गावात ताशी पंचवीस मैलांची वेगमर्यादा होती आणि ती सगळे पाळत. नगर परिषदेचा सचिव या नात्याने मी हे खात्रीने सांगतो.

लेनर्ड वॉयटासिककडे आठ सिलिंडरची, जागच्या जागी धडधडणारी स्पोर्ट्‌स कार होती. समोरच्या ड्वेन हॅलोरनकडे चार सिलिंडरची, टर्बोवाली. गावातल्या रस्त्याला खरी गाडी कुठली, यावरून दोघांची अठरा वर्षांची मैत्री तुटली. लेनर्डचं म्हणणं, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताक्षणी ओढ हवी. टर्बोत हवा भरेपर्यंत पुढचा सिग्नल येतो. ड्वेन म्हणे, टर्बो हल्ली लगेच जागा होतो, उशिरा जागा होतो तो लेनर्ड.

गाव दुभंगलं, तेव्हा परिषदेने उपसमिती नेमली. सात महिन्यांत अकरा बैठका घेऊन तिने प्रात्यक्षिक ठरवलं: मेन स्ट्रीटच्या एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत, चारशे फूट, नियम पाळून. दोन्ही गाड्या पंचवीसवर पोचल्या, तिथेच राहिल्या आणि जोडीने लाल दिव्यापाशी थांबल्या. निष्कर्ष निघाला, अंतर अपुरं आहे.

म्हणून दुसरा सिग्नल आणि त्याखालचे पांढरे पट्टे काढायचा ठराव आला. त्या पट्ट्यांवरून एक्याऐंशी वर्षांच्या आयरीन माझुरेक रोज समोरच्या बेकरीत जात. त्या काठी टेकत सभेला आल्या.

“मग मी पाव आणायला कुठून जाऊ?” त्यांनी विचारलं.

“माझुरेकबाई, हा तांत्रिक विषय आहे,” लेनर्ड अदबीने म्हणाला. ड्वेननेही मान हलवली. दोघांचं कित्येक महिन्यांत प्रथमच एकमत झालं. सभागृहाला गहिवरून आलं. माझुरेकबाईंची हरकत प्रश्नाच्या स्वरूपात असल्याने मला ती हरकत म्हणून नोंदवता आली नाही.

ठराव मंजूर झाला, सिग्नल आणि पट्टे गेले. दुसऱ्या प्रात्यक्षिकातही बरोबरी झाली. मग प्रयोगापुरती वेगमर्यादा पंचेचाळीस केली. ती तशीच राहिली. आता तो रस्ता पायी ओलांडणं शक्य नव्हतं. माझुरेकबाईंनी नऊ वर्षांपूर्वी सोडलेला परवाना परत काढला, गाडी घेतली, आणि दारासमोरच्या बेकरीत त्या तीन मैलांचा वळसा घालून जाऊ लागल्या. चालणं थांबलं, तसे पाय दुबळे झाले आणि काठीही पुरेना.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. सगळे हळहळतात, आणि मग हळूच विचारतात, बाईंनी गाडी कुठली घेतली, टर्बोवाली की मोठ्या इंजिनाची?

तुमच्याही तोंडी हाच प्रश्न आला असेल, तर कळवा. उपसमितीत एक जागा रिकामी आहे.